तरते घर : वीज, विस्तव आणि वारा

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेली लाँच धरमतर खाडीच्या तोंडाशी आली, की डाव्या हाताला करंजा आणि उजव्या हाताला रेवस दिसू लागते. रेवसला उतरणारे बहुतेक लोक मिळेल ते वाहन पकडून अलिबागकडे निघून जातात. आपण मात्र थोडे थांबू या. रेवस आणि शेजारचे बोडणी येथे मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. एखादी बोट दर्यावर निघण्याच्या तयारीत असेल, तर तिच्यावर काय काय चढवले जाते ते पाहण्यासारखे असते. डिझेल, बर्फ, पिण्याचे पाणी, तांदूळ, कांदे-बटाटे, मीठ-मसाला, गॅसची टाकी आणि चार्ज करून आणलेली बॅटरी. सात-आठ माणसे आता काही दिवस याच बोटीवर जेवणार, झोपणार आणि काम करणार. म्हणजे हे घरच झाले. फरक एवढाच, की या घराला विजेचा खांब नाही, अंगण नाही आणि काही बिघडले तर हाक मारायला शेजारी नाही.

याच घराला चाके लावली तर मोटारघर होते. परदेशात अशी मोटारघरे, म्हणजे कारव्हान, पुष्कळ दिसतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कारव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. चालते घर रस्त्यावरचे असो की पाण्यावरचे, त्याचे प्रश्न तेच असतात. वीज किती पुरेल? अन्न कशावर शिजवायचे? रात्री दारे-खिडक्या लावून झोपले तर आतली हवा कशी राहील? पाठ्यपुस्तकातील विद्युतधारा, उष्णता आणि वायूंचे रेणुवस्तुमान हे तिन्ही धडे येथे एका छपराखाली भेटतात. म्हणून शिक्षकांसाठी मच्छीमार बोट ही एक उत्तम प्रयोगशाळा आहे.

दिवा लागतो, मग इंजिन का लागत नाही?

आमच्या शाळेतील मुलांना घेऊन एकदा धक्क्यावर गेलो असताना एका तांडेलाने मलाच प्रश्न विचारला. रात्रभर नांगर टाकून उभ्या असलेल्या त्याच्या बोटीचे इंजिन सकाळी चालू होईना. सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ असा आवाज होई. “मास्तर, केबिनमधला दिवा तर लागतोय. मग बॅटरी उतरली असं कसं म्हणायचं?” मुले माझ्याकडे पाहू लागली. प्रश्न अगदी योग्य होता. मोटरसायकल किंवा जीप वापरणाऱ्या पुष्कळांना तो पडलेला असतो.

उत्तर शोधण्यासाठी थोडा हिशेब करू. केबिनमधला ६ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर लागतो. शक्ती म्हणजे विभवांतर गुणिले विद्युतधारा. म्हणून त्याला फक्त अर्धा अँपिअर धारा लागते. इंजिन फिरवणाऱ्या सेल्फच्या मोटारीला मात्र काही सेकंद २०० ते ३०० अँपिअर धारा लागते, म्हणजे दिव्याच्या सुमारे पाचशे पट.

आता बॅटरीला स्वतःचाही थोडा रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. चांगल्या, पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीत तो समजा ०.०१ ओहम आहे. ओहमच्या नियमाने २५० अँपिअर धारा वाहताना २.५ व्होल्ट बॅटरीच्या आतच खर्ची पडतील. बाहेर साडेनऊ-दहा व्होल्ट मिळतील आणि इंजिन फिरेल. पण बॅटरी उतरत गेली, की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचा थर चढतो, आम्ल पातळ होते आणि अंतर्गत रोध वाढतो. तो ०.०३ ओहम झाला असे धरा. तेवढीच धारा मागितली तर ७.५ व्होल्ट आतच संपतील आणि मोटारीला जेमतेम साडेचार व्होल्ट उरतील. मोटार फिरणार नाही. दिव्याच्या अर्ध्या अँपिअरसाठी मात्र आत ०.०१५ व्होल्ट एवढेच नुकसान होते. त्याला काही कळतही नाही! तोच रोध, तीच बॅटरी. दिवा लागतो आणि इंजिन लागत नाही.

यात आणखी एक गंमत आहे. २५० अँपिअर धारा ५ सेकंद वाहिली, तर किती वीज खर्च झाली? अँपिअर-तासात मोजले तर केवळ ०.३५ अँपिअर-तास. एक दिवा पाऊण तास जळला तरी एवढी वीज जाते. इंजिन सुरू करायला वीज थोडी लागते, पण ती एकदम लागते. थेंबाथेंबाने भरलेला हंडा एका दमात ओतावा तसे हे काम आहे. म्हणून बोटीवर किंवा मोटारघरात दोन बॅटऱ्या ठेवणे शहाणपणाचे असते. एक फक्त इंजिनासाठी, दुसरी घरासाठी. इंजिन चालू असताना त्याच्या अल्टरनेटरवर दोन्ही चार्ज व्हाव्यात, पण इंजिन बंद झाले की मधला स्विच तोडून टाकावा. घरची बॅटरी दिवे आणि मोबाइल यांनी पार रिकामी केली, तरी इंजिनाची बॅटरी शाबूत राहील.

जमिनीवर इंजिन चालू झाले नाही तर गाडीला धक्का मारता येतो. दर्यावर बोटीला कोण धक्का मारणार? वारा आणि भरती-ओहोटी तिला नेतील तिकडे जावे लागते, आणि किनाऱ्याजवळ खडक असतात. बॅटरीची काळजी हा येथे सोयीचा प्रश्न राहत नाही, तो जिवाचा होतो.

एका रात्रीचा जमाखर्च

बॅटरीवर १२० अँपिअर-तास असे लिहिलेले असले, तरी ते सगळे वापरायचे नसतात. शिसे-आम्लाची बॅटरी पुन्हा पुन्हा निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून खर्चाला ६० अँपिअर-तास आहेत असे समजायचे. इंजिन बंद करून, नांगर टाकून बारा तास उभ्या असलेल्या बोटीचा खर्च मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत. प्रत्यक्ष बोटीवर ते कमी-जास्त असतील.

नांगरावर असल्याची खूण म्हणून लावायचा पांढरा दिवा, जुन्या पद्धतीचा २५ वॅटचा, १२ तास : २५ अँपिअर-तास.
केबिनमधले दोन दिवे, प्रत्येकी २० वॅट, ४ तास : सुमारे १३.
वायरलेस संच, बहुतेक वेळ नुसता ऐकत ठेवलेला : ७.
ठिकाण दाखवणारे जी.पी.एस. यंत्र, अर्धा अँपिअर, १२ तास : ६.
तळाचे पाणी उपसणारा पंप, ५ अँपिअर, एकूण अर्धा तास : २.५.
सात जणांचे मोबाइल, प्रत्येकी सुमारे १५ वॅट-तास : जवळजवळ ९.

बेरीज ६२ अँपिअर-तासांच्या वर जाते. म्हणजे पहाटेपर्यंत मर्यादा ओलांडली! आता जुने दिवे काढून एलईडी दिवे लावू. नांगराचा दिवा ३ वॅटचा आणि केबिनचे दोन दिवे ५-५ वॅटचे. दिव्यांचा सगळा खर्च ३८ वरून सहा-साडेसहावर येतो आणि एकूण बेरीज ३१ होते. बॅटरी पाऊण भरलेली राहते. आणि आता यादीत सर्वांत मोठा खर्च कोणाचा आहे पाहा. खिशातल्या मोबाइलचा!

हा खर्च सूर्यप्रकाशावर भागेल का? १०० वॅटच्या सौर पॅनेलला दिवसातून ४-५ तासांच्या पूर्ण उन्हाएवढा प्रकाश मिळाला, तर ४०० ते ५०० वॅट-तास वीज, म्हणजे ३३ ते ४२ अँपिअर-तास मिळतात. चार्ज करताना काही वीज वाया जाते. जितकी काढली त्यापेक्षा थोडी जास्तच परत भरावी लागते. तरीही स्वच्छ उन्हाच्या दिवसात एक पॅनेल वरची रात्र भागवू शकेल. ढगाळ दिवसात मात्र त्याच्यावर विसंबता येत नाही. जून-जुलैत समुद्रात यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, पण ऑगस्ट-सप्टेंबरचे आकाशही नेहमी मोकळे नसते.

या यादीतील कोणता दिवा आधी विझवावा? हा प्रश्न मुलांना जरूर विचारावा. पुष्कळ जण ‘बाहेरचा’ असे म्हणतील, कारण त्याखाली कोणी बसलेले नसते. पण रेवससमोरच्या समुद्रातून मुंबई आणि न्हावा-शेवा या मोठ्या बंदरांकडे जहाजांची ये-जा असते. अंधारात उभी असलेली लहान बोट मोठ्या जहाजाला त्या एका पांढऱ्या दिव्यानेच दिसते. सर्वांत शेवटी विझायला हवा असा दिवा तोच.

उजेड स्वस्त, उष्णता महाग

मग बॅटरीवरच भात का शिजवू नये? गॅसची कटकटच नको! हाही हिशेब करून पाहू. सात-आठ जणांच्या भातासाठी ५ लिटर पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायचे आहे. ५००० ग्रॅम गुणिले ७० अंश म्हणजे ३,५०,००० कॅलरी, म्हणजेच सुमारे १४७० किलोज्यूल. एक वॅट-तास म्हणजे ३.६ किलोज्यूल. म्हणून ही उष्णता सुमारे ४०८ वॅट-तास भरते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३४ अँपिअर-तास! आणि हे जराही उष्णता वाया गेली नाही असे धरून. एलईडी दिव्यांसकट बोटीची अख्खी रात्र ३१ मध्ये भागली होती. एक पातेले पाणी उकळायला त्याहून जास्त वीज गेली, आणि तांदूळ तर अजून शिजलेलेही नाहीत.

आता गॅस. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमधून सुमारे ४६,००० किलोज्यूल उष्णता मिळते. शेगडीवर निम्मी वाया गेली तरी ते पातेले सुमारे ६५ ग्रॅम गॅसमध्ये उकळते. दुसऱ्या बाजूने पाहू. १२० अँपिअर-तासांच्या, तीसेक किलो वजनाच्या बॅटरीत साठलेली सगळी ऊर्जा सुमारे ५,२०० किलोज्यूल असते. तेवढी ऊर्जा ११५ ग्रॅमपेक्षाही कमी गॅसमध्ये असते.

चालत्या घराचे बरेचसे शास्त्र या एका तुलनेत आहे. उजेड, वायरलेस आणि पंप ही कामे बॅटरीची. अन्न शिजवणे आणि ऊब ही कामे इंधनाची. मोठ्या लिथियम बॅटऱ्या आल्यामुळे हे गणित थोडे बदलत आहे. त्याच वजनात त्या काही पट ऊर्जा साठवतात. तरी किलोमागे इंधनाची बरोबरी त्यांना अजून दूरची आहे. म्हणून बोटीवर विस्तव हा राहणारच. आणि विस्तव घरात घेतला, की त्याच्याबरोबर दोन पाहुणे येतात : आग आणि विषारी वायू.

लहान सांधा, मोठी आग

२८ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे अलिबागजवळच्या समुद्रात एका मच्छीमार बोटीला आग लागली. बोटीवरील सर्व खलाशी सुखरूप वाचले, पण बोट मोठ्या प्रमाणात जळाली. लाकूड, जाळी, दोर आणि डिझेल यांनी भरलेल्या घरात आग किती वेगाने पसरत असेल याची कल्पना करता येते.

विस्तवाशिवायही आग लागू शकते. १२ व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून या विजेला कोणी घाबरत नाही. धोका असतो तो उष्णतेचा. खाऱ्या हवेने गंजलेला किंवा सैल झालेला एक सांधा घ्या. त्याचा रोध ०.१ ओहम असेल आणि त्यातून १६ अँपिअर धारा जात असेल, तर धारेचा वर्ग गुणिले रोध या सूत्राने तेथे सुमारे २५ वॅट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंग आयर्नची शक्तीही साधारण तेवढीच असते. म्हणजे लाकडाच्या फळीला चिकटून एक तापलेले सोल्डरिंग आयर्न तासन्‌तास पडून राहिल्यासारखे झाले. फ्यूज येथे मदत करत नाही, कारण धारा नेहमीएवढीच आहे. सांधे साफ आणि घट्ट ठेवणे, त्यांना ग्रीस लावणे, चालू असताना हात लावून कोणता गरम लागतो ते पाहणे, हाच उपाय. फ्यूजचे काम वेगळे आहे. दोन तारा एकमेकींना चिकटून धारा एकदम वाढली, तर तो तोडतो. म्हणून तो बॅटरीच्या शक्य तितका जवळ हवा. फ्यूजच्या जागी जाड तार बांधणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवून ठेवणे.

तीन वायू, तीन जागा

आता हवेकडे वळू. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान सुमारे २९ आहे. हा एक आकडा मुलांच्या लक्षात राहिला तरी पुरे. कारण एकाच तापमानाला आणि दाबाला कोणता वायू हवेपेक्षा हलका आणि कोणता जड हे त्यावरून ठरते. आपल्या तरत्या घरात तीन वायू धोक्याचे आहेत, आणि तिघांच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिला हायड्रोजन, रेणुवस्तुमान २. शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरली तरी चार्जिंग चालूच ठेवले, तर वीज आता पाण्याचे विघटन करू लागते. बॅटरीत बुडबुडे येतात ते हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे. फॅरडेच्या नियमाने हिशेब केला तर एका घटात एका अँपिअर-तासाला सुमारे ०.४२ लिटर हायड्रोजन निघतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घट असतात. १० अँपिअर धारा अशी एक तास वाहत राहिली, तर सुमारे २५ लिटर हायड्रोजन तयार होईल. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते. म्हणजे हा २५ लिटर वायू सव्वासहाशे लिटर हवा, एका मोठ्या लोखंडी कपाटात मावेल एवढी, स्फोटक करू शकतो. तो हलका असल्याने छताशी जमतो. म्हणून बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूला भोके हवीत. तिच्यावर गोधडी किंवा ताडपत्री टाकून ती बंद करू नये आणि चार्ज होत असताना जवळ विडी-काडी ओढू नये. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. बोटीच्या किंवा गाडीच्या धातूला ऋण टोक जोडलेले असेल, तर पान्हा चुकून लागून ठिणगी उडण्याची शक्यता त्यामुळे कमी होते. समुद्राचे पाणीही बॅटरीत शिरू देऊ नये. त्यातील मिठापासून क्लोरीन हा विषारी वायू निर्माण होतो.

दुसरा स्वयंपाकाचा गॅस. त्यात मुख्यतः प्रोपेन (४४) आणि ब्यूटेन (५८) असतात. दोन्ही हवेपेक्षा जड. जमिनीवरच्या घरात गळलेला गॅस दाराच्या फटीतून बाहेर वाहून जाऊ शकतो. बोटीला खालून दार कोठून असणार! ती तर मोठी परातच असते. गॅस फळ्यांमधून उतरून इंजिनाच्या खाली, तळाच्या पाण्यावर पसरतो. एक किलो गॅसचा सुमारे साडेचारशे लिटर वायू होतो आणि हवेत २ टक्के असला तरी तो पेटू शकतो. म्हणजे एका लहान खोलीएवढी हवा धोक्याची झाली. सकाळी कोणी सेल्फ मारला की तेथे ठिणगी तयारच असते. म्हणून गॅसची टाकी उघड्या डेकवर, सावलीत, बांधून ठेवावी. ती पेटीत ठेवायची असेल, तर पेटीला तळाशी भोक हवे आणि ते बोटीच्या बाहेर उघडणारे हवे. मोटारघरातही हाच नियम आहे. बॅटरीला भोक वर, गॅसला भोक खाली, ही जोडी मुलांना सहज पाठ होते. मात्र त्यामागचे दोन आणि चव्वेचाळीस हे आकडेही त्यांनी सांगितले पाहिजेत.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जड वायू खाली जातो हे गळतीच्या सुरुवातीला, स्थिर हवेत खरे असते. एकदा तो हवेत नीट मिसळला, की पुन्हा वेगळा होऊन तळाशी बसत नाही. आपल्याभोवतीच्या हवेतला ऑक्सिजन (३२) नायट्रोजनच्या (२८) खाली कोठे साचलेला दिसतो?

तिसरा कार्बन मोनॉक्साइड, रेणुवस्तुमान २८. हवेच्या इतके जवळ, की तो ना वर राहतो ना खाली. जेथे हवा तेथे तो.

ज्याला वास नाही ते विष

कोणत्याही इंधनातल्या कार्बनला पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ऑक्सिजन कमी पडला तर कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. स्वयंपाकाच्या गॅसलाही स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. कार्बन मोनॉक्साइडमध्ये असा इशारा मिसळणारे कोणी नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोहोचत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कारव्हानमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली. गाडीतील जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड आत साचल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्याआधी जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे थंडीसाठी खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला होता. त्यांत लहान मुलेही होती. दोन्हीकडे काही फुटले नाही, काही पेटले नाही. माणसे झोपेतून उठलीच नाहीत.

आपल्या किनाऱ्यावर हीटर लावण्याइतकी थंडी नसते. पण पौष-माघात रात्री समुद्रावर झोंबणारा वारा सुटतो, तेव्हा केबिनची दारे-खिडक्या लावून घ्याव्याशा वाटतात. आत शेगडी चालू असेल किंवा इंजिनाच्या धुराची नळी फुटलेली असेल, तर तीच परिस्थिती तयार होते. बोटीवर आणखी एक चकवा आहे. या विषबाधेची पहिली लक्षणे म्हणजे डोके दुखणे, मळमळ, उलटी, गुंगी. बोट लागल्यावरही हेच होते! त्यामुळे नवीन खलाशाला ‘पडून राहा, बरे वाटेल’ असे सांगून पुन्हा त्याच केबिनमध्ये झोपवले जाण्याचा संभव असतो. ओळखायचे कसे? एकाच वेळी आतल्या दोघा-तिघांना त्रास होत असेल, सवयीच्या माणसालाही होत असेल आणि मोकळ्या हवेत आल्यावर उतार पडत असेल, तर आधी संशय हवेचा घ्यावा. सर्वांना बाहेर काढावे, शेगडी आणि इंजिन बंद करावे आणि डॉक्टरांची मदत मिळवावी. निळी ज्योत पिवळी पडणे, भांड्यांना काजळी धरणे ही अर्धवट ज्वलनाची चिन्हे आहेत. पण ती दिसली नाहीत म्हणून हवा शुद्ध असेलच असे नाही. खरा उपाय एकच. आरपार वारा वाहील अशा दोन फटी कायम उघड्या ठेवणे आणि पेटती शेगडी आत ठेवून कधीही न झोपणे. कार्बन मोनॉक्साइड ओळखून घंटा वाजवणारी बॅटरीवरची लहान यंत्रे मिळतात. मोटारघरात आणि बंद केबिनमध्ये असे यंत्र असायलाच हवे.

जाता जाता मासे ठेवण्याच्या कप्प्याबद्दल. तेथे विस्तव नसतो, पण मासळी कुजू लागली की जिवाणू कप्प्यातला ऑक्सिजन संपवतात आणि हायड्रोजन सल्फाइड (३४) हा जड, विषारी वायू तयार होतो. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास थोडा असताना येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास थांबला म्हणजे धोका टळला असे वाटते. एप्रिल २०२२ मध्ये मंगळूरजवळच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात टाकीत पडलेल्या एका कामगाराला वाचवायला इतर जण उतरले आणि एकूण पाच जणांचा मृत्यू झाला. साथीदाराला वाचवण्यासाठी धावणे ही माणसाची सहज प्रवृत्ती आहे. अशा जागी मात्र आधी झाकणे उघडून वारा खेळवावा, बाहेरून दोराने ओढून काढण्याचा प्रयत्न करावा आणि मदत बोलवावी. श्वसनाच्या साधनांशिवाय आत उतरू नये.

वर्गात करून पाहा

१. उतरलेली बॅटरी : टॉर्चचा एक नवा आणि एक वापरून जुना झालेला सेल घ्या. मल्टिमीटरने दोन्हींचे विभवांतर आधी नुसते मोजा, मग दीड व्होल्टचा बल्ब जोडून मोजा. नुसते मोजताना फरक थोडा दिसतो. बल्ब जोडल्यावर जुन्या सेलचे विभवांतर एकदम खाली येते. त्या उतारावरून आणि धारेवरून दोन्हींचा अंतर्गत रोध काढायला सांगा.

२. जड वायू : एका खोलगट भांड्यात उंच, मध्यम आणि बुटकी अशा तीन मेणबत्त्या पेटवा. वेगळ्या तांब्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून कार्बन डायऑक्साइड तयार करा आणि तो वायू, द्रव न सांडता, भांड्याच्या कडेने हळूच ओता. बुटकी मेणबत्ती आधी विझते. या वायूचे रेणुवस्तुमान ४४, म्हणजे नेमके प्रोपेनएवढे! खरा गॅस न वापरता गॅसची गळती अशी दाखवता येते.

३. गरम वायू : आता उंच आणि बुटकी अशा दोनच पेटत्या मेणबत्त्यांवर मोठी काचेची बरणी पालथी घाला. या वेळी साधारणपणे उंच मेणबत्ती आधी विझते. वायू तोच, मग निकाल उलटा का? कारण ज्वलनातून निघणारा वायू गरम असतो आणि गरम वायू वर जातो. म्हणजे नुसते रेणुवस्तुमान पाहून चालत नाही, तापमानही पाहावे लागते. बंद केबिनमध्ये वरच्या फळीवर झोपणारा आणि खाली झोपणारा यांच्यापैकी आधी कोणाला त्रास होईल, यावर वर्गात चर्चा घ्या.

हायड्रोजन किंवा स्वयंपाकाचा गॅस पेटवून दाखवण्याचे प्रयोग मात्र वर्गात करू नयेत.

त्या सकाळी तांडेलाने शेजारच्या बोटीची बॅटरी आणून जोडली आणि इंजिन पहिल्या फटक्यात चालू झाले. मुलांनी वहीत रोधाचा हिशेब करून दाखवला, तेव्हा त्याने तो लक्ष देऊन ऐकला आणि विचारले, “मग दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवायच्या तर मध्ये स्विच कुठे लावू?” वर्गात शिकवलेला ओहमचा नियम असा कोणाच्या उपयोगी पडलेला आमच्या मुलांनी प्रथमच पाहिला. तुमच्या गावात समुद्र नसेल, पण ऊसतोडणीला निघालेल्या गाड्या असतील, रात्री रस्त्यावर उभे राहणारे ट्रक असतील, केबिनमध्ये स्टोव्ह पेटवून झोपणारे ड्रायव्हर असतील. त्यांचे घरही असेच चालते असते. मुलांना घेऊन एकदा तेथे जा, आणि वीज, विस्तव आणि वारा यांचा हिशेब त्या घरच्या माणसांबरोबर बसून मांडा.